चालून चालून चार्जिंग

आता काय सांगू तुम्हाला, तीस वर्षं बॅटऱ्या विकलेला माणूस बॅटरीच्याच बाबतीत असा तोंडघशी पडावा! बसा. चहा येऊ द्या. मला आजकाल उभ्यानं काही सांगवत नाही.

नागपूरकडच्या शहापूरला हायवेवर माझं दुकान. इन्व्हर्टरची, ट्रॅक्टरची, ई-रिक्षाची, म्हणाल ती बॅटरी मिळेल. गिऱ्हाइकाला माझा एकच उपदेश, "गाडी उभी ठेवू नको भाऊ. रोज एक चक्कर मार, नाही तं बॅटरी उतरते."

मागच्या वर्षी माझ्याच छातीत पेसमेकर बसला. ठोके मंद पडत होते, ते आता मशीन सांभाळतं. पण मनात भीती राहिलीच. मशीन म्हटलं की बॅटरी, आणि बॅटरी म्हटली की ती कधीतरी संपणार, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? आणि ही संपली तर तक्रार करायला गिऱ्हाईकच उरणार नाही!

अशात मोबाइलवर एक व्हिडिओ आला. शरीराच्या हालचालीवर आपोआप चार्ज होणारा पेसमेकर! चाला, फिरा, आत वीज तयार होते. मी उडालोच. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी सोडताना काय सांगितलं होतं? "चालत राहा." असं होय! मग स्पष्ट सांगायचं ना, की चार्जिंग करत राहा म्हणून!

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, हजर. पहिले दोन दिवस एक चक्कर. मग दोन. मग तीन.

आठवड्यात अंग आंबून गेलं. आता थकवा म्हणजे काय? बॅटरी उतरली! मग संध्याकाळीही चालू लागलो. थकवा आणखी वाढला. म्हणजे चार्जिंग पुरत नाही! मग दुपारीही.

"अजी, काहून इतके चालून राहिले?" मंदा, म्हणजे आमची बायको, कावली. "पाय पाहा कसे सुजले!"

"तुले नाही समजत. चार्जिंग करून राहिलो."

"कशाची?"

"माझी!"

ती कपाळाला हात लावून आत गेली.

दुकानातही मी बसेना. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या, त्यातच भाव सांगायचा. एक ई-रिक्षावाला शेवटी वैतागला, "काकाजी, एका जागी थांबा ना जी! तुमच्याकडे पाहून पाहून मान दुखून राहिली माझी."

आणि एके दिवशी मी दुकानातच खाली बसलो तो उठताच येईना. पाय उचलेनात. छाती धडधडायला लागली. संपलं, म्हटलं. खरं सांगतो, फार भ्यालो हो. मंदा धावत आली, तिचा चेहरा पाहून रडूच फुटलं.

"मंदा, उतरली वं बॅटरी! आता तुह्यं कसं होईन?"

तीही रडली. मग मला भाड्याच्या गाडीत घालून थेट नागपूर.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, आमच्या पोरीएवढी. तिनं छातीवर एक यंत्र ठेवलं आणि कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"बॅटरी मस्त आहे काकाजी. अजून आठ-नऊ वर्षं तरी काळजी नाही."

"मग हा थकवा कायचा?"

"या मशीनमध्ये तुमच्या हालचालीचीही नोंद होते," ती स्क्रीनकडे पाहत म्हणाली. "पोलीस भरतीची तयारी करून राहिले का तुम्ही?"

मग मंदानं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही!

डॉक्टरीणबाईनं हसू दाबत समजावलं, "अहो, हालचालीवर चार्ज होणारे पेसमेकर अजून प्रयोगशाळेत आहेत. तुमच्या मशीनची बॅटरी आत कायमची सीलबंद आहे. चार्ज होतच नाही. संपत आली की तपासणीत आधीच कळतं, मग मशीन बदलतो."

"म्हणजे महिनाभर चाललो ते आत काहीच भरलं नाही?"

"नाही ना. उलट चालताना मशीन ठोके वाढवतं. त्यात बॅटरी किंचित जास्तच खर्च झाली असेल."

महिनाभर पाय तोडून घेतले, आणि मी भरत नव्हतो, खर्चत होतो!

"पण रोज अर्धा तास चाला बरं का, तेवढ्यानं काही होत नाही," असं ती पुढे म्हणाली, हे मंदानं मागाहून सांगितलं. मला ते ऐकूच आलं नाही.

बाहेर आलो. रस्त्यापलीकडे बस स्टॉप. मंदा रस्ता ओलांडायला लागली आणि मी ऑटोला हात केला.

"काकाजी, स्टॉप तं हा समोर दिसून राहिला," ऑटोवाला म्हणाला. "पायी जा ना!"

मी आत चढून बसलोसुद्धा.

"नाही बाबा," म्हटलं, "बॅटरी जाते."