बिननावाची कालवड

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गजवळच्या आमच्या गावात २००१ साली मी रोज संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून दूध आणत असे. मॅड काऊ रोगाच्या धास्तीचे ते दिवस. त्याने कत्तलखान्याला विकलेल्या एका गाईची पहिली तपासणी संशयास्पद निघाली होती. पक्का निकालही वाईट आला, तर गोठ्यातली एकोणचाळीस जनावरं सरकार मारणार होतं.

“अहो, पुरे आता तिथलं दूध,” बायको म्हणाली. दुधातून धोका नाही, हे मी वाचलं होतं. तरी तिला ते दोनदा उकळायला सांगितलं.

तो उंच शेतकरी माझा कॅन भरत असे. रस्त्यावर गाडी वाजली की तो वळून फाटकाकडे बघे आणि दूध बाहेर सांडे.

गाईच्या नावाचं पहिलं अक्षर घेऊन तिच्या वासराचं नाव ठेवायची त्याची रीत. नव्या कालवडीला मात्र नाव नव्हतं.

“अमेरिकेत भावाचा रँच आहे,” तो म्हणाला. “त्याची हजार जनावरं, सगळी नुसत्या नंबरांची. पत्रात लिहितो, या वेळी नाव देऊ नकोस, सोपं जाईल.”

एका संध्याकाळी तो कालवडीच्या कानाशी वाकून “लीझल, लीझल” म्हणत होता.

“निकाल चांगला आला?” मी घाईने विचारलं.

“नाही. उद्या ट्रक येतोय.” त्याने मान वर केली नाही. “मी ट्रकमध्ये उभा राहून हाक मारीन. नाव ओळखून आपण होऊन चढली, तर तिला ओढावं लागणार नाही.”