शिवकन्येची भिंत आणि मुंग्यांची रांग

लातुरात शिवकन्येला ओळखणारे लोक दोन प्रकारचे आहेत. एक, ज्यांच्याकडून तिनं काहीतरी मागून नेलंय, आणि दुसरे, ज्यांच्याकडून ती लवकरच नेणार आहे. डाळ मिलच्या मागं पडलेली तुरीची टरफलं, आडत बाजारातला व्यापाऱ्यांचे ठसे उठलेला फाटका बारदाना, जुन्या भिंतीच्या चुन्याच्या खपल्या, असलं काहीही तिला चालतं. तिचा नवरा शिवमूर्ती याचं गोलाईच्या बाजाराजवळ हार्डवेअरचं दुकान आहे. बायकोचा त्याला अभिमान आहे, नाही असं नाही. पण भर गिऱ्हाइकात ती येऊन खिळ्यांच्या रिकाम्या खोक्यांवर झडप घालते, तेव्हा तो मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतो.

या सगळ्या ऐवजातून ती चित्रं करते. कापड, माती, टरफलं, रंग, शिवण, सगळं एकाच चित्रात. याला मिक्स मीडिया म्हणतात, हे तिनं शेजारणींना इतक्यांदा सांगितलंय की आता त्याच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. शाळेतली चित्रकलेच्या शिक्षिकेची नोकरी सोडल्यापासून हेच तिचं काम. दर रविवारी सकाळी ती व्हॉट्सअॅपवर आपल्या नव्या चित्राचा फोटो टाकते आणि खाली आसपासच्या बातम्या लिहिते. उदगीरला सुलेखनाचं शिबिर आहे, देगलूरच्या पोरींनी शाळेची भिंत रंगवलीय आणि मजकूर तीन भाषांत लिहिलाय, मुरुडला एक जण ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर मोर काढतो तो जरूर बघा. लोक फोटोला अंगठा दाखवतात आणि मोर बघायला मुरुडला जातात. तिला त्याचं वाईट वाटत नाही, कारण मोर खरंच चांगला असतो.

तिचा मूळ स्वभावच चौकस. कुठलीही वस्तू दिसली की तिला ती उलटी करून बघावीशी वाटते. माणसांचंही तसंच, फक्त माणसं उलटी करता येत नाहीत, म्हणून ती प्रश्न विचारते. आणि तिच्या प्रश्नांना ज्या एकाच बाईनं कधी दाद दिली नाही, ती म्हणजे चाकूरची सिद्धम्मा.

सिद्धम्मा वाकळा शिवते. साठी ओलांडलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोरा असा घालते की रेघ जरा म्हणून हलत नाही. तीन वर्षांपूर्वी शिवकन्येनं आपल्या चित्रांच्या खालची वाकळ तिच्याकडून शिवून घ्यायला सुरुवात केली. वाकळ तयार झाली की शिवकन्या ती घरी आणायची, तिच्यावर माती, बारदाना, टरफलं बसवायची आणि झालेलं चित्र मुद्दाम चाकूरला नेऊन दाखवायची.

"कसं वाटतंय, अव्वा?"

"बरं हाय म्याडम," एवढंच सिद्धम्मा म्हणायची आणि सुईत दोरा ओवायला घ्यायची.

बरं म्हणजे काय? आपल्या वाकळेवर कुणी माती फासलेली हिला आवडते का? की ही आपल्याला रिकामटेकडी समजते? मनातून हसते? शिवकन्येनं आडून विचारून पाहिलं, सरळ विचारून पाहिलं, चहा पिता पिता विचारून पाहिलं. दर वेळी तेच, बरं हाय. कामाचे पैसे चोख घेऊन सिद्धम्मा तिला दारापर्यंत सोडायला यायची आणि "या म्याडम" म्हणायची. तीन वर्षं अहो-जाहो. शिवकन्येला ते लागायचं. इतकी वर्षं एका कापडावर दोघींचे हात फिरतायत आणि आपण अजून हिचं गिऱ्हाईकच, असं तिला बसमध्ये परत येताना वाटत राहायचं.

यंदा डिसेंबरात नांदेडला मराठवाड्यातल्या चित्रकारांचं प्रदर्शन ठरलं. शिवकन्येची चित्रं आजवर अशा प्रदर्शनांत लागली होती, पण कुठं? एकदा जिन्याच्या वळणावर, एकदा पाण्याच्या पिंपाशेजारी, आणि एकदा अशा पॅसेजमध्ये की लोकांना वाटलं पडदा वाळत घातलाय. यंदा प्रदर्शन भरवणाऱ्या दयानंद सरांचा फोन आला, "मॅडम, दारासमोरची मोठी भिंत तुमची." फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन उगाचच सगळे डबे पुसत बसली. ती भिंत तिला हवी होती. किती वर्षांपासून हवी होती हे तिनं शिवमूर्तीलाही कधी सांगितलं नव्हतं.

त्या भिंतीसाठी तिनं सिद्धम्माकडून सगळ्यात मोठी वाकळ शिवून घेतली. सिद्धम्मानं या खेपेला नेहमीपेक्षा जास्त दिवस लावले. कापडही नेहमीपेक्षा मऊ होतं, धुऊन धुऊन विरलेल्या इरकलीचं. शिवकन्येनं विचारलं, ही लुगडी कुठली? सिद्धम्मा म्हणाली, "घरातलीच हायती." शिवकन्येनं मधल्या भागावर मांजरा नदीकाठची काळी माती डिंकात कालवून बसवली, त्यावर बारदान्याचे तुकडे खळीनं चिकटवले, कडांना तुरीची टरफलं टाचली. चारी कोपरे तसेच मोकळे ठेवले. नेहमीसारखं चाकूरला दाखवून चित्र नांदेडला गेलं, मोठ्या भिंतीवर चढलं, आणि लांबून बघताना तिला स्वतःलाच ते आवडलं. असं फार क्वचित होतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी ती लवकर हॉलवर आली, तर भिंतीवर मुंग्या.

खिडकीच्या फटीतून आत येऊन, चुन्यावरून तिरकी रांग धरून, थेट तिच्या चित्रावर. दयानंद सर आधीच कपाळाला हात लावून उभे होते. शेजारी रविकिरण नावाच्या तरुण चित्रकाराची कागदावरची नाजूक कामं होती, आणि रांगेतल्या काही चुकार मुंग्या तिकडेही चौकशीला निघाल्या होत्या.

"डिंकाला आल्या असतील," सर म्हणाले.

शिवकन्येला खरं तर घाबरायला हवं होतं. पण मुंग्या कुठं चालल्यात हे कळल्याशिवाय तिला घाबरता येईना. ती चष्मा लावून भिंतीला जवळजवळ नाक टेकून उभी राहिली. मुंग्या डिंकाच्या मातीवर चढल्या आणि न थांबता पुढं गेल्या. म्हणजे डिंक नव्हे. खळीजवळून गेल्या, पण खळीत तिनं कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेला, त्याला कोण तोंड लावणार! टरफलांना वळसा घातला. सगळी रांग खाली उतरून डाव्या कोपऱ्यात शिवणीच्या आत गडप होत होती. तिनं कोपरा चाचपला. बाकीचे तीन कोपरे मऊ, आणि हा टणक. आत बोटाएवढं काहीतरी होतं.

"सर, आत काहीतरी आहे!" ती इतक्या उत्साहानं म्हणाली की दयानंद सर चपापून मागं सरले.

"मग कोपरा कापून टाका मॅडम. दोन मिनिटांचं काम आहे. अकरा वाजता पाहुणे येतायत. तसंच ठेवलं तर मला ही भिंत रविकिरणला द्यावी लागेल, माझा नाइलाज आहे."

ते खोटं बोलत नव्हते. शिवकन्येनं पर्समधून कात्री काढली. कोपऱ्याला लावलीसुद्धा. पण आत काय आहे हे माहीत नसताना कापायचं तिच्या जिवावर आलं, आणि तिनं कात्री तशीच हातात धरून चाकूरला फोन लावला.

"अव्वा, वाकळेच्या कोपऱ्यात काय शिवलंय?"

"घास हाय," सिद्धम्मा म्हणाली. "पोळीचा तुकडा अन् गुळाचा खडा. वाकळ उपाशी ठिवू न्हाई. का, काय झालं?"

"मुंग्या लागल्यात."

"लागणारच की. गूळ हाय त्यो."

"पण याआधी कधी घातला नव्हतास!" शिवकन्येच्या तोंडून एकदम एकेरीच निघालं. तिनं आठवून पाहिलं. इतक्या वाकळा तिनं उलट्यासुलट्या करून पाहिल्या होत्या, एकाही कोपऱ्यात काही नव्हतं.

"त्या इकायच्या हुत्या. इकायच्या वाकळंला घास कशाला घालतेत? घरच्या माणसाच्या वाकळंला घालतेत, अंगावर घ्यायच्या." सिद्धम्मा पुढं म्हणाली, "मागल्या हिवाळ्यात आलतीस तवा लई कुडकुडत हुतीस. येवढं काम करतीस पोरी, अंगावर धड पांघरूण न्हाई. तू चित्रालाच मागितलीस, पर म्हनलं ही तुझ्या अंगावरचीच शिवावी. माझ्या आयची लुगडी हायती ती."

तीन वर्षं जे ती विचारत होती त्याचं उत्तर बोटाएवढं होतं आणि कोपऱ्यात शिवलेलं होतं. आणि तिनं त्यावर माती फासून ते भिंतीला टांगलं होतं.

"अव्वा, मी तर त्याचं चित्र केलं. तुला दाखवलं तेव्हा का नाही बोललीस?"

"तुझी हाय, तू काय बी कर. चित्र बरं हाय की."

"इथले सर कोपरा काढा म्हणतायत. नाहीतर भिंत जाते."

"काढ मग. उसवून काढ, कापू नगंस. पर येकदा घास काढला की ती बी इकायचीच झाली बग." मग सिद्धम्माला खरंच कुतूहल वाटल्यासारखं तिनं विचारलं, "येक सांग मला, भिंतीला कुठं थंडी वाजती?"

शिवकन्या हसली आणि हसता हसताच तिला रडू आलं. समोर दयानंद सर घड्याळ बघत होते. भिंत छान होती, उजेड नेमका तिच्यावर पडत होता. दोन टाके उसवले असते तर काम झालं असतं, आणि सिद्धम्मानं एका शब्दानं बोल लावला नसता. तिला भिंत हवी होती. त्या क्षणीसुद्धा हवी होती. तिनं कात्री पर्समध्ये टाकली.

"सर, शिडी द्या. उतरवते."

सर म्हणाले, विचार करा. ती म्हणाली, केला. रविकिरण बिचारा शरमल्यासारखा होऊन शिडी धरायला आला. चित्र खाली आलं, खिडकीबाहेर झटकलं गेलं, एका खुर्चीवर ठेवलं गेलं आणि रविकिरणची कामं मोठ्या भिंतीवर चढली. ती तिथं शोभली, हेही शिवकन्येनं पुढं होऊन सांगितलं आणि दुसऱ्या ओळीतलं एक थोडं डावीकडं सरकवायला लावलं.

अकराला पाहुणे आले, भाषणं झाली. हॉलमध्ये सकाळचा गारठा होता. देगलूरहून आलेल्या एका मुलीनं तिला गाठून विचारलं, "मॅडम, तुमचं चित्र कुठं लागलंय? मी तेच बघायला आलेय."

शिवकन्येनं खुर्चीवरची वाकळ उचलली आणि अंगाभोवती लपेटून घेतली. माती कडकड वाजली, टरफलं फरशीवर सांडली, पाठीवर कुणा आडत्याचं नाव उलटं आलं.

"हे काय," ती म्हणाली, "माझ्यासाठी शिवलंय."

आणि त्या मुलीला बरोबर घेऊन ती बाकीची चित्रं बघायला निघाली. न झटकली गेलेली एक मुंगी तिला मानेला कडकडून चावली. पण ऊब मात्र चांगली होती.