आईनं उचललेला भंडारा

माझं माहेर आणि सासर एकाच गावात, शेवगावच्या पुढं. मधे फक्त एक ओढा. लग्नात लोक म्हणाले, पोरगी नशीबवान, आई डोळ्यापुढं राहिली. यंदा मात्र त्या नशिबाचं काय करावं ते मला कळेना. सरपंचपद बायकांसाठी राखीव सुटलं आणि माझ्या भावानं वहिनीला उभं केलं, तर धाकट्या दिरानं माझ्या जावेला.

दोघींनी याआधी कधी ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं. गावाला त्याचं काही नव्हतं. चहाच्या टपरीवर एकच चर्चा: जोड बरोबरीची हाय, कोन पडंल सांगता येत न्हाई. पैज लावायलाही कुणी धजेना. मी दळण घेऊन गेले की गिरणीवाला हसून म्हणायचा, "तुमाला काय, कोनीबी आलं तरी गुलाल तुमचाच." त्याच्या डोक्यात दळणाचा डबा घालावासा वाटायचा.

एकेका मताची ओढाताण सुरू झाली तशी जावेनं सगळ्या घराला देवापुढं बसवलं. ताटात खंडोबाचा भंडारा, वर बेलाचं पान. तो उचलून दिलेला शब्द आमच्याकडं कुणी मोडत नाही. "आक्का, तुमच्यावर इस्वास हाय, पन लोकं बोलत्यात," ती म्हणाली. नवरा शेजारीच बसलेला. मी भंडारा उचलला. न उचलून जाणार कुठं?

संध्याकाळी माहेरी गेले, तर तिथंही ताट मांडलेलं. माझा हात पुढं येईना हे बघून भावाचं तोंड उतरलं. तेवढ्यात आई खाटेवर उठून बसली. तिला एरवी धड बसवतही नाही. तिनं भंडाऱ्याची चिमूट उचलली, कपाळाला लावली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या लेकीचं मत ह्याच घरात पडंल. तिच्या वतीनं मी उचलते." दुसऱ्याच्या वतीनं भंडारा उचलतात हे मी तोवर ऐकलंही नव्हतं. पण तिला अडवणार कोण?

मतदानाच्या दिवशी मशीनपुढं उभी राहिले तेव्हा माझी शपथ मोडायची की आईची, एवढंच माझ्या हातात होतं. मी वहिनीचं बटण दाबलं. देवाला म्हटलं, काय करायचं ते माझं कर.

जाऊ थोडक्या मतांनी निवडून आली. तिनं मला गुलाल फासला आणि मिरवणूक तशीच ओढ्यापलीकडं नेली, माझ्या आईच्या पाया पडायला. मनानं ती वाईट नाही. मला मात्र हाताला धरून सगळ्यांच्या पुढं चालवलं.

भाऊ दारात होता. माझ्याकडं बघून तो आत वळला. "बघा, तुमची लेक बघा," वहिनी रडत आईला म्हणाली. आई खाटेवर ताठ झाली. "तिचं मत इथंच पडलंय. मी भंडारा उचललाय. सांग गं बाई ह्यांना."

माझ्या मनगटावरची जावेची पकड घट्ट झाली. मागं दीर, नवरा, सगळी आळी. मला परत त्याच घरात जायचं होतं.

"न्हाई आई," मी म्हणाले. "मी हिलाच दिलं."

आईनं कपाळावरून हात फिरवला आणि बारीक आवाजात विचारलं, "मंग मी खोटा उचलला व्हय?"