ओळंब्याची चौथी ओळ

भिंती रंगवणाऱ्या त्या माणसाला सगळे ओळंबा म्हणत. गवंडी दोरीला बांधून सोडतो तो ओळंबा जितका सरळ लोंबतो, तितकी सरळ रेघ हा पट्टीशिवाय मारायचा, म्हणून. त्याचं खरं नाव बायकोला ठाऊक होतं, पण तीही ते फक्त भांडताना वापरायची. तीस वर्षांत त्याने शाळा, दवाखाने, गोदामं, एवढंच काय, एका बंद पडलेल्या कारखान्याचं ‘आत येऊ नये’सुद्धा असं रंगवलं होतं की लोक मुद्दाम जवळ जाऊन वाचायचे. प्रत्येक भिंतीच्या कोपऱ्यात तो इवलासा ओळंबा काढायचा. तीच त्याची सही.

दोन वर्षांपूर्वी देशभर एक मोहीम निघाली. वेळीच दाखवले तर वाचतील असे डोळे उगाच जाऊ द्यायचे नाहीत, एवढाच तिचा हट्ट. आरोग्य खातं, डोळ्यांचे डॉक्टर, चष्मेवाले, बसचालकांची युनियन, शिक्षकांचा संघ, अशा अकरा मंडळींनी हातात हात घेतला आणि ठरवलं की गर्दीच्या जागी भिंतीवर अक्षरांचा तक्ता रंगवायचा, समोर जमिनीवर पिवळी रेघ मारायची. येणाऱ्या-जाणाऱ्याने रेघेवर उभं राहावं, एक डोळा झाकावा, वाचावं. चौथी ओळ अडखळली की तपासायला जावं. त्यातल्या चाळीस भिंती ओळंब्याच्या वाट्याला आल्या.

आता अकरा भागीदार म्हणजे अकरा शिक्के. मोहिमेच्या साहेबांनी प्रत्येकाच्या शिक्क्याचं माप दिलं, तेव्हा ओळंब्याने भिंत वितीने मोजली आणि शांतपणे विचारलं, साहेब, यात डोळ्याला कुठे बसवू? मग पंधरा दिवस बैठका झाल्या. कुणी किती अंग चोरायचं यावर म्हणे दोघांचा अबोला झाला. शेवटी अकराही शिक्के तळाशी एका ओळीत, सारख्याच उंचीचे बसले, आणि वर मोठ्या अक्षरांत आलं: ‘डोळ्यावर पडदा? घाबरू नका, आजच दाखवा.’

हे वाक्य ओळंब्याने चाळीस वेळा रंगवलं. वाचलं मात्र एकदाही नाही.

पंचविसाव्या भिंतीनंतर त्याच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं उतरू लागलं होतं. डावाही त्याच वाटेने निघाला होता. बशीच्या शेजारी चहा ओतला, तर तो म्हणाला, बशी सरकली. शेजाऱ्याचा दोरीवर वाळत घातलेला कोट दिसला, तर त्याला ‘या, बसा’ म्हणून मोकळा झाला. बायकोने विचारलं, तर म्हणे, गंमत केली. बायको काय ते समजली. पण त्याला मनातून एकच धास्ती होती. साहेबांनी चौकातली चार मजली भिंत त्याला कबूल केली होती. आयुष्यातली सगळ्यात मोठी. डोळ्यांच्या मोहिमेचा पेंटरच डोळ्याने अधू आहे हे बाहेर फुटलं असतं, तर भिंत हातची गेली असती.

बस डेपोत, चालकांच्या आरामखोलीत तपासणी लागली, तेव्हा बायकोने त्याला दंडाला धरूनच नेलं. तपासायला तिचीच धाकटी बहीण होती. म्हणजे ओळंब्याची मेहुणी. डोळे तपासण्याचं रीतसर शिकलेली, आणि जिभेला धार लावून बसलेली. समोर तक्ता ओळंब्यानेच रंगवलेला, चाळिसावा. ते बघून त्याच्या जिवात जीव आला. भिंत त्याला नुसती पांढरी दिसत होती, मधोमध मुंग्या बसल्यासारखी. पण तक्ता त्याच्या हाताला पाठ होता.

मेहुणीने तक्त्याची अक्षरं लिहिलेला मोहिमेचा कागद समोर घेतला आणि डावा डोळा झाकायला सांगितलं. ओळंब्याने पिवळ्या रेघेवर पाय जुळवले आणि वरच्या तीन ओळी धडाधड म्हटल्या. चौथीही न थांबता म्हटली: त, घ, र, म, न.

मेहुणीने पेन खाली ठेवलं. पुन्हा म्हणा, म्हणाली. त्याने पुन्हा म्हटली. आता तर तालात.

"दाजी," ती म्हणाली, "सकाळपासून या रेघेवर एकतीस चालक उभे राहिले. ज्यांना दिसतं, त्या सगळ्यांनी दुसरं अक्षर चुकवलं. एक तर माझ्याशी भांडून गेला, की कागदावर काहीही असो, भिंतीवर ध आहे. शेवटी मी उठून जवळून बघितलं."

"घ आहे तो," ओळंबा म्हणाला. "मी काढलाय."

"काढला असेल. पण भिंतीवर ध आहे. घ वाचणारे अख्ख्या डेपोत तुम्ही एकटे."

कोपऱ्यात बसलेले दोन कंडक्टर खोकल्यासारखे हसले. ओळंबा भिंतीपाशी गेला, नाक टेकवलं, बोट फिरवलं. घच्या डोक्यावरची रेघ अर्ध्यातच सुटली होती, आणि रंगाचा एक थेंब ओघळून डाव्या टोकाला गाठ धरून वाळला होता. धची गाठ. डोळा गेल्याचं त्याला इतकं लागलं नसतं.

"ही रेघ माझी नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

"सही कुणाची आहे खाली?" बायकोने विचारलं. आणि त्याचं खरं नाव घेतलं. चारचौघांत.

तरी त्याने मेहुणीची मनधरणी करून पाहिली. चौकातली भिंत होऊ दे, मग लिही म्हणे माझं नाव. मेहुणीने वहीत नाव लिहिलं, पुढे ‘मोतीबिंदू, दोन्ही’ लिहिलं, आणि त्याच्यादेखत साहेबांना फोन लावला. साहेबांनी चौकातल्या भिंतीबद्दल नाही, तर एवढंच विचारलं की उरलेल्या एकोणचाळीस भिंतींचं काय. अकरा भागीदारांनी आपापली माणसं धाडली. आणखी तीन ठिकाणी गडबड सापडली. एका शाळेत म चा भ झाला होता, आणि तो भ बरोबर वाचल्यापायी दोन गुरुजी विनाकारण चष्मा लावून फिरत होते. चौकातली भिंत, साहेब म्हणाले, चार मजली आहे, कुठे पळून जात नाही. आधी डोळे.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याभराने डाव्याचं. पुढच्या तपासणीला ओळंबा आपल्या पायांनी डेपोत आला, बायको मागून. एका हातात ब्रशाचा डबा, दुसऱ्यात खरवडायची पट्टी. आल्याआल्या भिंतीकडे निघाला, तर मेहुणीने वाटेतच अडवलं.

"आधी रेघेवर, दाजी. मग काय खरवडायचं ते खरवडा."

तो उभा राहिला. डावा डोळा झाकला. पहिल्या तीन ओळी म्हटल्या. चौथीवर आला आणि थांबला. दुसऱ्या अक्षराची ती घाणेरडी गाठ इथूनही ठळक दिसत होती. नुसती तीच नाही. तळाचे अकरा शिक्के उजवीकडे कलून एकमेकांवर रेललेले दिसत होते, आणि कोपऱ्यातला सहीचा ओळंबासुद्धा तिरका लोंबत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त," तो म्हणाला. मग अगदी तोंड कडू करून, "ध. र, म, न."

मेहुणीने कागदाकडे बघितलं.

"एक चूक," ती म्हणाली, आणि फुली मारताना तिला हसू आवरेना.

ओळंब्याने बायकोकडे पाहिलं, आणि पट्टी घेऊन भिंतीकडे गेला.