पसाभर हुलगे

"चोरले म्हणू नका, मास्तर. आमच्या गावात कुणी डबा चोरत न्हाय."

"मग आहेत कुठे? शनिवारी सव्वीस डबे ज्वारी भरून दिली. आज बुधवार. डबा नाही, पोर नाही. शाळेत मी आणि तुम्ही, दोघंच!"

"घरात हायेत डबे. घासूनपुसून पालथे घातलेत."

"मग पाठवायला काय झालं?"

"रिकामे कसे पाठवतील?"

"अहो, रिकामेच पाठवायचेत!" कोंडीराम मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर आपटला. "रिकामा आणा, भरलेला न्या. याच्यात न कळण्यासारखं काय आहे? उद्या मला सोलापूरला साहेबांना लिहायचंय. काय लिहू? लोकांना मदत नको आहे?"

"लिवा की. म्हणजे ज्वारी दुसऱ्या गावाला जाईल. आन हितली पोरं जातील मेंढरांमागं."

"हरणाबाई, तुम्ही मला टोमणे मारू नका."

"टोमणा न्हाय. सांगते तुमाला."

जळकोटच्या अलीकडं, हमरस्त्यापासून कोसभर आत, मिशनची ही एकखोली शाळा. दुसरं महायुद्ध सुरू होऊन चार वर्षं झाली होती, निजाम सरकारची लेव्ही, म्हणजे सक्तीची धान्यवसुली, गावोगाव बसली होती, आणि पाऊस दोन वर्षं पाठ फिरवून गेला होता. मिशननं ठरवलं, शाळेत येणाऱ्या प्रत्येक पोराला दर शनिवारी डबाभर कोरडी ज्वारी. मिशनच्या हातचं शिजवलेलं गावानं खाल्लं नसतं. कोरड्या शिध्याला हरकत नव्हती. ज्वारी निवडायची, मापायची, शाळा झाडायची, पाणी भरायचं, ही सगळी कामं हरणाबाईची.

हरणाबाई याच गावची. धनगराच्या घरची. नवरा सोलापूरला मिशनच्या दवाखान्यात वारला, तेव्हा ती तिथंच कामाला राहिली आणि दोन वर्षांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं मिशननं तिला तिच्याच गावी शाळेवर धाडलं. साहेबांना वाटलं, आपल्या माणसांत जाते आहे, खूश होईल. आपली माणसं मात्र, ती बाटली म्हणून, अकरा वर्षं तिच्या दाराकडं फिरकली नाहीत. धाकटी बहीण नागूबाई शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहत होती. हाक मात्र कुणी मारली नाही. सणाला हरणाबाई पोळ्या करायची, चार जास्तच व्हायच्या, मग त्या दुसऱ्या दिवशी चहात बुडवून एकटीच खायची. दिवाळी गेली काय नि नाताळ गेला काय, धुवायला ताट एकच.

"सोमवारी भामी आली हुती बघा पहिली," हरणाबाई म्हणाली.

"आली होती. डब्यात हुलगे घेऊन. पसाभर."

"मग?"

"मग काय? मी परत दिले. दान म्हणजे दान. मिशन ज्वारी देतं आणि हुलगे वसूल करतं, असं उद्या कुणी म्हणायला नको. गरिबाच्या घरचा दाणासुद्धा आपण घ्यायचा नाही, हे माझं तत्त्व आहे."

"तिच्या परकरात ओतले तुमी. सगळ्या रांगेसमोर."

"डबा मोकळा करून घ्यायला नको?"

"आन मागं रांगेत उभी हुती, त्या पोरांच्या डब्यांत काय हुतं, बघितलं का?"

"काय होतं?"

"कुणाच्यात चिंच. कुणाच्यात चार मिरच्या. त्यांनी झाकणं दाबून धरली आन फिरली माघारी."

"मला वाटलं, डबे धुवायला गेली!"

हरणाबाईला हसू आलं. ते ओठांतच राहिलं. "मास्तर, दुसऱ्याचं भांडं घरी आलं, तर ते मोकळं परत करत न्हाईत. काय न्हाय तर चिमूटभर साखर, लिंबाचा पाला, कायबी. मोकळं धाडलं तर देणाऱ्याचं वाटोळं चिंतलं असं हुतं. तुमी भरलेला घेत न्हाई. पोरांच्या आया मोकळा धाडत न्हाईत. मग पोरगं शाळेत कसं यावं? तुमी शेजारणीचं भांडं कदी परत केलं न्हाई का?"

मास्तर म्हणाले, "बोर्डिंगात शेजारी नव्हते."

नगरकडच्या अनाथ मुलांच्या बोर्डिंगात त्यांचं सगळं लहानपण गेलं होतं. पितळी ताटं, प्रत्येकावर नंबर. यांचा एकशे चाळीस. दिलं ते घ्यायचं, खायचं, ताट धुऊन मांडायचं. त्या ताटात परत काही घालता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"दाराशी एक टोपली ठेवा," ते शेवटी म्हणाले. "जे येईल ते तिच्यात. शनिवारी ज्वारीबरोबर तेच वाटू. एकाच्या मिरच्या दुसऱ्याला. चालेल?"

"पळंल."

"आणि सांगायला तुम्हीच जा. मास्तरचं चुकलं म्हणून सांगा. आधी भामीच्या घरी."

हरणाबाई उठली नाही.

"का हो?"

"भामी माझ्या भनीची पोर हाय. अकरा वर्सांत त्या घरातनं माझ्याकडं कायबी आलं न्हाय. ते हुलगे पैल्यांदा आले."

मास्तरांनी चष्मा उचलला, पण घातला नाही.

दुपारी नागूबाई अंगणात लोकर पिंजत बसली होती. कुडाच्या कुंपणाबाहेर सावली पडली, तशी मान वर न करता म्हणाली, "डबा न्यायला आलीस? थांब तिथंच. आणते."

"डबा नगं. मास्तर म्हणले, चुकलं. भामीला धाड उद्या, भरल्या डब्यासंगट."

"चुकलं! पोर रडत आली. म्हणली, आये, आपले हुलगे वंगाळ हायेत का? काय सांगू तिला?"

"त्यांना ठावं नव्हतं गं. बोर्डिंगात वाढलेलं माणूस."

"आन तू?" नागूबाईनं पहिल्यांदा वर बघितलं. "तू कुठं वाढलीस? आपल्या आयनं कदी वाटी मोकळी धाडली का? तू सूप घिऊन तिथंच उभी हुतीस, भामी म्हणली. का बोलली न्हाईस?"

हरणाबाईनं कुडाची काडी धरली. कसं सांगावं, की हुलगे कुणाच्या घरचे, ते बघताच कळलं होतं. की मास्तरांच्या पुढं बोलायची सवय नाही, ही जागा गेली तर दुसरी कुठली नाही. की ती पोर वळून तिच्याकडं बघत होती आणि आपण ज्वारी पाखडायला सुरुवात केली.

"भ्याले," ती म्हणाली.

"व्हय. आमीबी भ्यालोच हुतो. भावकीला. वाळीत टाकलं असतं." नागूबाईचे हात पुन्हा लोकरीत चालू लागले. "भामीला धाडीन उद्या. शाळंसाठी. जा."

हरणाबाई गेली नाही. एवढं मिळालं होतं. उद्या पोरं येतील, परवा डबे येतील, शाळा चालेल. तेवढ्यावर वळता आलं असतं.

"नागू."

"काय?"

"ते हुलगे तू शाळेला धाडले हुतेस, का मला?"

नागूबाईचे हात थांबले. तिनं पिंजलेली लोकर पाटीत दाबून भरली. पाटी डोक्यावर घेतली, पदर सारखा केला. कुडाचं कवाड लोटून बाहेर आली, हरणाबाईच्या हातभर अंतरावरून गेली आणि मेंढवाड्याच्या वाटेला लागली.