संकष्टीला केकचा चहा

चहाला केकचा वास कशाला यायला हवा, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळत नाही. मुलगी सेक्टर फाइव्हमधल्या तिच्या ऑफिसातून एक लाल डबा घेऊन आली. नाताळाआधी तिथे चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी देतात, त्यात तिच्या वाट्याला तो आला होता. आत काळा चहा, पण प्लम केकच्या चवीचा. दूध घालायचं नाही, साखर घालायची नाही, उकळायचा तर मुळीच नाही. "मग करायचं काय त्याचं, नुसतं बघत बसायचं?" मी म्हणालो. आमच्या घरात चहा म्हणजे आलं ठेचून, दूध घालून, वर येईपर्यंत उकळलेला. बँकेच्या बदलीने कोलकात्यात आलो, निवृत्तीनंतर सॉल्ट लेकमध्येच राहिलो, पण इथले लोक लिकर म्हणून जो बिनदुधाचा चहा पितात तो काही माझ्या गळी उतरलेला नाही.

डबा फोडला तो दुसऱ्या दिवशी, शनिवारी. त्या दिवशी संकष्टी होती आणि माझ्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. दोन्ही एकाच दिवशी आलं यात मला काही विशेष वाटलं नाही. बायकोला वाटलं. गाठ थायरॉइडची. सुई टोचून थोडा नमुना काढला होता आणि तपासायला पाठवला होता. कॅन्सर आहे की नाही, एवढंच कळायचं होतं. कुणी विचारलं तर मी "बघू, येईल रिपोर्ट" म्हणायचो, दुसऱ्याच कुणाच्या मानेबद्दल बोलावं तसं.

बायको संकष्टी लग्नाआधीपासून करते, पण आजची तुमच्या मानेसाठी आहे, हे तिने सकाळीच सांगून टाकलं. असल्या गोष्टींवर मी आयुष्यभर तोंडसुख घेत आलोय. चंद्रोदयावरून तर आमचं दर महिन्याला वाजतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात महाराष्ट्रातल्या गावांच्या वेळा. इथे चंद्र त्याच्या तासभर आधीच वर आलेला असतो आणि ही आपली तिकडच्या वेळेपर्यंत उपाशी. "अगं, बाहेर बघ की, उगवलाय तो!" म्हटलं की म्हणते, "उगवू दे. माझा गणपती तिकडचा आहे."

दुपारी मुलीने चहा केला. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "उपासाला चालेल ना गं?"

"आई, चहाच तर आहे."

चहा उपासाला चालतो, एवढं शास्त्र मलाही ठाऊक आहे. तिघांचे कप आले. वास मात्र खरा होता. बेदाणे, संत्र्याची साल, दालचिनी, नुकत्याच उघडलेल्या बेकरीसमोर उभं राहावं तसा. मी मोठ्या आशेने घोट घेतला आणि माझी साफ फसगत झाली. नाकाला केक आणि जिभेला कडवट गरम पाणी. "केकचं भांडं विसळून दिलंयस का?" मी म्हणालो.

बायकोला आवडला. ही अंड्याला शिवत नाही. खालच्या मजल्यावरच्या बंगाली बाई दर नाताळाला केक पाठवतात, तो मी आणि मुलगी संपवतो आणि ही लांबूनच आमच्याकडे बघते. तिने कप दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगंबाई! म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दोघं हे खात होतात होय?" सकाळपासून तिच्या कपाळावर असलेली आठी गेली. तिने वर अर्धा कप मागूनही घेतला. मला बरं वाटलं.

मुलगी डब्याच्या मागचं बारीक अक्षर मोठ्याने वाचत होती. रेझिन्स, आल्मंड, ऑरेंज पील, सिनमन.

"दालचिनी चालते," बायको म्हणाली.

"माल्ट. बाबा, माल्ट म्हणजे काय?"

मुलगी इथेच वाढली. तिचं मराठी घरापुरतं. काही अडलं की मला विचारते, आणि कुणी विचारलं की मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. "जव भिजवायचे, मोड आणायचे, मग भाजायचे," मी म्हणालो. "त्यानेच ती खरपूस चव येते." बोलून झालं आणि मग माझ्या लक्षात आलं. बायकोने कप खाली ठेवला होता.

"जव म्हणजे धान्य," ती म्हणाली. "उपास मोडला माझा."

"आई, एवढुसं असतं त्यात."

"एवढुसं असलं म्हणून काय झालं?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मोदकांसाठी खोवलेला नारळ ओट्यावर तसाच होता. मी दारात उभं राहून तिला नीट समजावलं. नमुना काढून किती दिवस झाले, रिपोर्ट आतापर्यंत टाइप होऊन पडलाही असेल, तुझ्या चहाने त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही. "कळतं मला," ती म्हणाली. "खुळी नाहीये मी." आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली.

रिपोर्ट अंधार पडायच्या सुमाराला मुलीच्या फोनवर आला. तिने वाचला, परत वाचला. कॅन्सर होता. "पण बाबा, हा बरा होणारा असतो, गाठ काढून टाकतात, डॉक्टर म्हणालेच होते ना," ती एका दमात म्हणाली आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "काढू की मग," म्हणालो.

बायको रडली नाही. ती भिंतीला टेकून उभी होती. "एक दिवस उपास सांभाळायचा होता," ती म्हणाली. "तेवढंही जमलं नाही मला."

देवाधर्मावरून मी या बाईशी जन्मभर वाद घातलेत आणि बहुतेक जिंकलेत. ते सगळे मुद्दे मला त्या क्षणी पाठ होते आणि त्यातला एकही कामाचा नव्हता. आपल्यामुळे झालं, हे तिच्या मनात एकदा बसलं असतं, तर मी ऑपरेशन होऊन धडधाकट घरी आलो असतो तरी निघालं नसतं.

"जव चालतात उपासाला," मी म्हणालो.

"काहीतरीच!"

"काहीतरीच काय? ऋषीमुनींचं अन्न ते. होमातसुद्धा जवच घालतात. माझी आजी एकादशीला जवाची पेज प्यायची."

असली कुठलीही पेज माझ्या आजीने कधी प्यायली नव्हती.

"तुमची आजी?"

"हो."

"आणि हे मला आज सांगताय?"

"विषय निघाला नाही कधी."

लग्न झाल्यापासून माझं एकही खोटं तिच्यासमोर टिकलेलं नाही. मग ती येऊन माझ्या शेजारी बसली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही माझ्या देवाची बाजू घ्यायला लागलात, म्हणजे फारच घाबरलायत."

"हो," मी म्हणालो. "खूप घाबरलोय गं."