दगडावरचं माझं नाव

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मालकांना नाही, लेकीला नाही. देवापुढं रोज हात जोडते, पण तिथंही ही गोष्ट तेवढी वगळून बोलते. आज तुम्हाला सांगते. तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणून सांगवतंय — असंही असेल.

गावाचं नाव लिहीत नाही. शिरूर-दौंड भागातलंच आहे, लहानशी नगरपालिका आहे. चूक गावाची नाहीच, त्याचं नाव कशाला घ्यायचं?

पण आधी सुमन सांगते. सुमन सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

माझं माहेर तळेगाव ढमढेऱ्याचं. सुमनचं घर आमच्यापासून चार घरं सोडून. तिचे वडील लग्नघराच्या भिंती रंगवायचे. तुम्ही पाहिल्यात का अशा भिंती? आता फ्लेक्स लागतो, नवरा-नवरीचे फोटो असतात. तेव्हा दाराच्या एका अंगाला हत्ती, दुसऱ्या अंगाला घोडा, वर पोपटांची ओळ आणि मध्ये नवरा-नवरीचं नाव. चुना, काव, कपड्याची नीळ, एवढ्यातच सगळे रंग निघायचे. ब्रश म्हणजे शिंदीची काडी ठेचून केलेला कुंचा. वडिलांचा हात कापायला लागला तशी सुमनच भिंती काढायला लागली. चौदा-पंधरा वर्षांची असेल. शिडीवर ती, आणि खाली रंगाची वाटी धरून मी. बाजाराच्या दिवशी येणारे-जाणारे थांबून बघायचे. माझी मान दुखायची, पण मी वाटी खाली ठेवायची नाही. किती मोठेपणा वाटायचा त्या वाटीचा!

त्यांच्याकडं एक रीत होती. हत्ती पुरा झाला तरी त्याचा डोळा काढायचा नाही. घरच्या बाईनं खण-नारळ द्यायचा, मग शेवटी डोळा उघडायचा. सुमनचे वडील म्हणायचे, डोळा उघडला की चित्र बघायला लागतं. सुमन तो डोळा मला काढू द्यायची. "इमे, तू काढ. तुझी मान दुखली ना," म्हणायची. काळा ठिपका, एवढाच. पण ती अख्खी भिंत मला माझी वाटायची.

— बघा, इथंच काहीतरी बिघडलं असेल का? नाही. उगाच लांबचं कारण शोधते आहे. तेव्हा काही बिघडलं नव्हतं.

लग्न होऊन मी या गावात आले. पुढं वॉर्ड बाईसाठी राखीव झाला आणि मी नगरसेविका झाले. सातवी शिकलेली बाई, पण बोलायला कमी नव्हते. एका वर्षी शहर सुशोभीकरणाचा निधी आला. मार्च अखेरीच्या आत खर्च नाही झाला तर परत जायचा. नदीकडच्या रस्त्याला लांबलचक भिंत आहे, तिच्यावर चित्रं काढायची ठरलं. तुम्हाला वाटेल, चित्र काढायचं म्हणजे चित्रकार बोलवायचा. तसं नसतं. तीन कोटेशनं लागतात, फुटावर दर ठरतो, नोंदणी असलेली एजन्सी लागते, वर जीएसटी नंबर. पुण्याची एक एजन्सी आली. त्यांनी चित्रांची फाइल आणली — देवमासा, दीपगृह, लांब पायांचे गुलाबी पक्षी. मी मीटिंगमध्ये म्हटलं, "साहेब, आपल्या नदीत उन्हाळ्यात म्हैस बुडत न्हाई, देवमासा कुठं पोहणार?" सगळे हसले. मुख्याधिकारी म्हणाले, "मग मॅडम, तुम्हीच सुचवा काहीतरी."

मी सुचवलं. म्हणजे — मी तळेगावला गेले.

सुमन तेव्हा भावाच्या घरी राहायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी म्हटलं, आपल्या लहानपणचं काढ, मी नगरपालिकेत दाखवते. तिनं भावाच्या नातवाची चित्रकलेची वही घेतली आणि आठ दिवसांत भरून काढली. बाजार, उसाची बैलगाडी, वांगी तोडणाऱ्या बाया, घाटावरचं धुणं, आणि सुरवातीला तिच्या वडिलांचा हत्ती. वही देताना म्हणाली, "भिंतीवर हात मी फिरवीन, पोरांना म्हणावं शिडी धरा फकस्त."

मी वही मीटिंगमध्ये ठेवली. सगळे वाकून बघायला लागले. अभियंता म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या डोक्यातलं?" मी म्हटलं — काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, "आमच्या लहानपणचं आहे." खोटं नव्हतं ना ते? खोटं बोलायला प्रत्येक वेळी खोटं बोलावं लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आणि कळूनही मी गप्प बसले.

काम एजन्सीलाच मिळालं. सुमनला मिळणार नव्हतंच, नोंदणी नाही, नंबर नाही. मी तिला तेच सांगितलं आणि ते खरं होतं. एजन्सीच्या पोरांनी वही बघून भिंत रंगवली. मग शेवटच्या आठवड्यात अभियंता कागद घेऊन घरी आले. भिंतीपाशी दगड बसवायचा होता, आपल्याकडं प्रत्येक कामाला बसवतात तसा. त्यावर वर अध्यक्ष, खाली आम्ही सगळे, आणि एक ओळ रिकामी — संकल्पना. "इथं कुणाचं टाकू?"

नंबर लागत होता तो पैसे द्यायला. नाव टाकायला काही नंबर लागत नव्हता.

मी माझं नाव सांगितलं. अभियंत्यांनी लिहून घेतलं, चहा पिऊन गेले. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही, कुणी आग्रहही केला नाही. मला ते नाव दगडावर बघायचं होतं, बस. बघितलं तेव्हा फार आवडलं, हेही सांगते. पुढचे कितीतरी दिवस भाजीला त्याच रस्त्यानं जायचे. मंडई दुसऱ्या बाजूला आहे.

उद्घाटनाला सुमन आली होती. मी बोलावलं नव्हतं, तिला कुठून कळलं कोण जाणे. भिंतीच्या कडेकडेनं शेवटपर्यंत चालत गेली, परत आली. दगड वाचला. तिला वाचता येतं. मग माझ्यापाशी येऊन एवढंच विचारलं, "इमे, हत्तीचा डोळा कुणी काढला गं?" मी म्हटलं, पोरांनी काढला असेल. "व्हय का," म्हणाली आणि पेढा घेऊन गेली.

इथवरच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. हौस म्हणून विसरून गेले असते. पण पुढं एक झालं.

दोनेक वर्षांनी सुमनच्या मुलाला कंपनीत काम लागलं आणि ती त्याच्याबरोबर सणसवाडीला आली. भाड्याची एक खोली, वर पत्रा. तिथं कुणीतरी तिला सांगितलं, म्हाताऱ्या कलावंतांना सरकार दरमहा मानधन देतं. फॉर्म भरायचा, कलेचा पुरावा जोडायचा. आता तिच्याकडं कसला पुरावा? लग्नघराच्या भिंती कधीच पडल्या, नाहीतर त्यांच्यावर डिस्टेंपर चढला. उभी अशी एकच भिंत होती.

ती माझ्याकडं आली. मी तेव्हाही नगरसेविका होते, लेटरहेड होतं, शिक्का होता. तिला दोन ओळी हव्या होत्या — ही चित्रं हिच्या वहीवरून काढलेली आहेत. दोन ओळी. कागद टेबलावरच होता.

पण ते लिहायचं म्हणजे दगडावरचं खोटं आहे असं माझ्याच सहीनं लिहायचं. निवडणूक तोंडावर आली होती, माझ्या पत्रकावर त्या भिंतीचा फोटो होता. मी म्हटलं, "सुमे, रेकॉर्डला तुझं नाव न्हाई गं. मी कसं लिहून देऊ?"

रेकॉर्डला तिचं नाव नव्हतं. ते कुणी येऊ दिलं नव्हतं?

तिनं पिशवी उचलली. मग म्हणाली, "बरोबर हाय तुमचं."

तुमचं. साठ वर्षांत पहिल्यांदा. जाताना परसातल्या कढीपत्त्यापाशी थांबली. त्या झाडाचा पाला ती नेहमी न विचारता तोडून पिशवीत टाकायची, आणि मी तिला चोर म्हणून चिडवायची. त्या दिवशी तिनं विचारलं, "चार पानं घेऊ का?" मी घे म्हटलं. तिनं मोजून चार घेतली.

तिचा फॉर्म नामंजूर झाला, असं तिच्या भावजयीकडून कळलं. सुमन त्यानंतर एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जायची. अजून आहे, सणसवाडीतच आहे. इथून जीपनं तासाभराची वाट. मी गेलेली नाही. आणि निवडणूक? ती मी हरले. पण जिंकले असते तरी हे एवढंच राहिलं असतं, म्हणून तो हिशेब धरू नका.

चित्रकलेची वही माझ्याच कपाटात आहे. तिनं कधी परत मागितली नाही, मी कधी दिली नाही.

यंदा पुन्हा निधी आला. भिंतीला पोपडे धरले होते, रंग उडाला होता, नवीन चित्रं काढायची म्हणून गेल्या आठवड्यात आधी सगळीकडं पांढरा मारला. मी बघायला गेले होते. बाजार गेला, बैलगाडी गेली, वांगी तोडणाऱ्या बाया गेल्या. हत्ती शेवटी गेला, कारण तो सगळ्यात उंच होता. दगड मात्र तसाच आहे. मुकादमाला विचारलं, हा काढायचा नाही का? तो म्हणाला, "दगड येगळ्या कामातला हाय, मावशी. तेला येगळा ठराव लागतो. कुणी अर्ज केला तरच."

आता तिथं लांबच लांब पांढरी भिंत आहे, तिच्यावर काही नाही, आणि तिच्यापुढं दगडावर लिहिलंय — संकल्पना, आणि खाली माझं नाव.

अर्ज मी केलेला नाही.